वरचं हलकं, खालचं हलकं: एका जड स्टेअरिंगचं प्रकरण

एप्रिलचा पहिला आठवडा, दुपारचे साडेबारा. सोलापुरात ही वेळ गाडीखाली शिरायची नाही, फरशीसुद्धा पाठ भाजते. आसरा चौकाजवळच्या माझ्या गॅरेजसमोर एक पांढरी हॅचबॅक आली आणि आत न येता रस्त्याच्या कडेलाच थांबली. आत घ्यायचं तर डावीकडे पूर्ण स्टेअरिंग मारावं लागतं. मॅडम खाली उतरल्या, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच घ्या आत. माझे दंड भरून आलेत."

मी घेतली. पहिल्या पाव फेऱ्यात काही वाटलं नाही. पुढे हात अडला, जरा जोर लावला तर एकदम सुटला आणि मी हवं त्यापेक्षा जास्त वळलो. आमच्या पोरानं ओरडून थांबवलं नसतं तर हवेच्या टाकीला बंपर लागला असता.

गाडी २०१५ची, पेट्रोल, अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर झालेली. पॉवर स्टेअरिंग इलेक्ट्रिक, म्हणजे तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही. स्टेअरिंगच्या दांड्यावरच एक मोटर बसवलेली असते. मॅडम जुळे सोलापुरात राहतात आणि मोहोळ तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतात. रोजचं येणं-जाणं याच गाडीनं.

गाडी उघडायच्या आधी मी माणसाला उघडतो, असं आमची मंडळी चेष्टेनं म्हणतात. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "जड म्हणजे कसं जड?" हा प्रश्न विचारला की बरेच जण चिडतात. जड म्हणजे जड, त्यात कसं काय असायचं? पण गाडी उभी असताना जड आणि चालताना हलकं, हे एक दुखणं. सकाळी जड आणि तासाभरानं ठीक, हे दुसरं. सगळीकडे सारखं जड, हे तिसरं. ठरावीक जागी अडकतं, हे चौथंच. टायरमधली हवा, मोटर, चाकं वळवणारी दातेरी सळई म्हणजे रॅक, बेअरिंग, प्रत्येकाची जड करायची रीत वेगळी असते.

मॅडम गणित शिकवतात, त्यामुळे उत्तर नीट आलं. "मध्येच अडतं, मग सुटतं, मग परत अडतं. आणि आमच्या बोळात गाडी मागेपुढे करून लावायला लागले की पाच-दहा मिनिटांनी सगळंच जड होतं, अगदी दगड. थोड्या वेळानं परत पहिल्यासारखं. शिवाय वळून झाल्यावर चाक स्वतःहून सरळ होत नाही, मला ओढून आणावं लागतं." त्यांनी सातरस्ता सोडून दिला होता. त्या चौकात वळण लांबवर धरून ठेवावं लागतं, मध्येच सुटलं तर शेजारी रिक्षा असते. म्हणून रोज दीड किलोमीटरचा वळसा.

कधीपासून? "गड्ड्याच्या वेळी पहिल्यांदा जाणवलं." म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, जानेवारीत. सोलापुरातली माणसं महिने असेच सांगतात.

त्यांच्याकडे बिलांची एक प्लास्टिकची पिशवी होती. अलाइनमेंट दोनदा. पुढचे दोन टायर नवे. बॅटरी नवी. आणि शेवटी एका वर्कशॉपचं कोटेशन: मोटरसकट पूर्ण स्टेअरिंग कॉलम, म्हणजे रिंगखालचा दांडा, बदलायचा, २८,००० रुपये, मजुरी वेगळी. कारण म्हणून एकच ओळ होती, "मोटर वीक." स्कॅनर लावला होता, बिघाडाचा एकही कोड नव्हता, तरी मोटर वीक.

त्या वर्कशॉपला मी हसणार नाही. दहा मिनिटं गाडी हलवल्यावर सगळं स्टेअरिंग दगड होतं आणि थंड झाल्यावर सुधारतं, हे ऐकलं की कोणाचंही बोट मोटरकडेच जातं. माझंही गेलं. पहिला अर्धा-पाऊण तास मी त्यातच घालवला. बॅटरीची टोकं घासली, अर्थिंगच्या वायरी खोलून साफ केल्या, कॉलमला येणारा मोठा फ्यूज आणि त्याचं कनेक्टर बघितलं. इलेक्ट्रिक स्टेअरिंगला थोडा वेळ का होईना, भरपूर करंट लागतो, आणि अर्थिंग गंजलेलं असेल तर व्होल्ट पडतात आणि मदत कमी होते. हे खरं दुखणं आहे आणि मी ते अनेक गाड्यांत बघितलेलं आहे. इथं मात्र इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना १४.१, आणि हेडलाइट, एसी लावून स्टेअरिंग टोकापर्यंत दाबून धरलं तरी १३.६. यात काही दोष नव्हता.

टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे होती, टायरचा साइजही मूळचाच. हे आधीच तपासायला पाहिजे होतं, कारण त्याला दोन मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. पुढची हवा वीस-बावीसवर आली तर उभ्या गाडीचं स्टेअरिंग चांगलंच जड होतं. एका मॅनेजरच्या गाडीला हेच निघालेलं मी बघितलंय, आणि तोवर त्याची अलाइनमेंट तीनदा झाली होती.

मग स्कॅनर. कोड नव्हताच, पण कोड नसला म्हणून स्कॅनर बंद करायचा नसतो. चालू आकडे बघायचे. पोराला स्टेअरिंगवर बसवलं आणि सांगितलं, जागेवरच अगदी हळू फिरव. मोटरचा करंट बघत गेलो. १४ अँपिअर, १५, १५, मग एकदम ३६, ३८, आणि परत १५. पोरगं हात थांबवून विचारतं, "काय झालं बे, सोडू का?" त्याला वाटलं त्याचंच चुकलं. मी म्हणालो, तू फिरव.

इथं पहिला धागा हातात आला. मोटर आळशी असती, तर जिथं जड लागतं तिथं करंट कमी दिसला असता. ही मोटर जड जागी अडीचपट राबत होती. हाताचा जोर ओळखणारा सेन्सर दांड्यावर असतो. तो सांगतो, माणूस जास्त ताकद लावतोय, आणि मोटर तेवढी जास्त मदत पाठवते. म्हणजे मोटर दुखणं झाकत होती. तिच्या पुढे, खाली कुठेतरी, काहीतरी अडत होतं.

बोळातलं कोडंही याच आकड्यानं सुटलं. गाडी उभी ठेवून स्टेअरिंग सारखं इकडून तिकडे फिरवत राहिलं की मोटर आणि तिचा कंट्रोलर तापतात. जास्त तापले की कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी मदत कमी करतो. काही गाड्यांत त्यासाठी दिवाही लागत नाही आणि कोडही साठत नाही. चांगल्या गाडीतही हे होतं, फक्त बराच वेळ रेटावं लागतं. या गाडीची मोटर आधीच दुप्पट कामाला लागलेली, त्यामुळे ती लवकर तापायची. ज्या लक्षणावरून मोटर वीक ठरली, ते लक्षण मोटर नको तेवढी कष्टाळू असल्याचं होतं.

पुढे गाडी वर घेतली. पुढची दोन्ही चाकं अधांतरी, जॅकखाली स्टँड, इंजिन बंद, किल्ली फक्त लॉक सुटेल इतकी फिरवलेली. एक चाक उचलून ही तपासणी करू नये. दुसरं जमिनीला धरून बसतं आणि हाताला काहीच खरं कळत नाही. आता जमिनीचं घर्षण गेलं, मोटरची मदतही गेली. जे काही जड आहे ते गाडीचं स्वतःचं.

स्टेअरिंगच्या रिंगवर बारा वाजण्याच्या जागी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला. हळू फिरवत गेलो आणि जिथं अडतं तिथं डॅशबोर्डवर खडूनं खूण. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत साधारण साडेतीन फेरे होतात. सगळ्या खुणा दोनच जागी जमल्या: पट्टी तीनच्या जवळ आली की जड, नऊच्या जवळ आली की जड. बारा आणि सहाला मोकळं. प्रत्येक फेऱ्यात दोनदा, नियमानं.

मग मी भाजीवाल्याचा लटकता काटा काढला. गॅरेजमध्ये काटा कशाला, म्हणून लोक विचारतात. हाताला जड म्हणजे किती, हे दोन माणसांत कधी जुळत नाही. माझ्या हाताला हलकं ते मॅडमच्या हाताला जड. काट्याला असला फरक कळत नाही. रिंगला दोरी बांधायची, दोरीत काटा अडकवायचा, रिंगला काटकोनात ओढायचं आणि रिंग हलायला लागली की वाचायचं. मोकळ्या जागी २ किलोच्या आत, जड जागी साडेसहा. गॅरेजमध्ये त्याच मॉडेलची आणखी एक गाडी क्लचसाठी उभी होती. तिचीही चाकं उचलून काटा लावला, सगळीकडे २ किलोच्या आसपास. तुलनेला तशीच गाडी मिळणं हे नशीब, पण मिळाली तर मी सोडत नाही.

गोलात दोनदा अडणारं दुखणं रॅकचं सहसा नसतं. रॅकचा दात मोडला, वाकला किंवा घासला तर ते एका ठरावीक जागीच सापडतं, बहुधा मधोमध, कारण गाडी जास्त वेळ सरळच चालते. फेऱ्याफेऱ्याला परत येणारं दुखणं म्हणजे फिरणाऱ्या भागाचं. आणि एका फेऱ्यात दोनदा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर क्रॉस जॉइंट उभा राहतो.

स्टेअरिंगचं चाक आपल्या छातीसमोर असतं, आणि रॅकला ढकलणारं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, खाली, इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्यापलीकडे. दोघं एका रेषेत नाहीत. म्हणून मधल्या दांड्याला दोन ठिकाणी कोपर दिलेलं असतं. प्रत्येक कोपरात अधिकच्या चिन्हासारखा एक लोखंडी क्रॉस, त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, टोप्यांत सुईएवढी बारीक बेअरिंगं. दांडा वाकड्या कोनात फिरताना क्रॉसची प्रत्येक जोडी थोडी इकडे, थोडी तिकडे डोलते. एका फेऱ्यात दोनदा ती जोरात डोलते आणि दोनदा क्षणभर थांबते. जोडी गंजून धरली असेल तर जिथं जोरात डोलायचं तिथं अडते आणि जिथं थांबायचं तिथं मोकळी वाटते. तीनला जड, सहाला मोकळं, नऊला जड, बाराला मोकळं. मॅडमनी "अडतं, सुटतं, परत अडतं" म्हणून सांगितलं होतं ते हेच. त्यांना आकडे माहीत नव्हते, लय बरोबर पकडली होती.

एवढ्यावर पार्ट मागवायचा नाही, हा माझा नियम. अंदाज कितीही चोख वाटला तरी दुखणं दोन तुकड्यांत कापून बघायचं.

चाकं सरळ केली. बॅटरी काढली, थोडा वेळ जाऊ दिला. स्टेअरिंगची रिंग सीटबेल्टनं सीटला बांधून टाकली. ही बांधणी विसरायची नाही. रिंगच्या मागे एअरबॅगची वायर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. खालचा जॉइंट सुटल्यावर रिंग मोकळी गरगर फिरली तर ती वायर तुटते, आणि मग जड स्टेअरिंगच्या जोडीला एअरबॅगचा दिवा पेटतो आणि हॉर्न बंद. मग पिनियनवर आणि जॉइंटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे जोडताना एक दातही पुढेमागे नको. बोल्ट काढला, जॉइंट पिनियनवरून वर सरकवला.

आता गाडीचे दोन तुकडे झाले. वर रिंग, कॉलम, मोटर. खाली पिनियन, रॅक, रॅकला चाकं जोडणारे टायरॉड, चाकं.

बांधलेली रिंग सोडून पोरानं दोन्हीकडे अर्धा-अर्धा फेराच फिरवली. हलकी. मी खाली दोन्ही चाकांना धरून डावी-उजवीकडे ढकललं. रॅक गेला, आला. तोही मोकळा. पोरगं माझ्याकडे बघून म्हणतं, "अण्णा, वरचं हलकं, खालचं हलकं. मग जड कोण?"

हा क्षण मला फार आवडतो. दोन्हीकडे दोष नाही म्हटल्यावर पुष्कळ जण चक्रावतात, सगळं परत जोडतात, आणि जोडलं की जड परत येतं. जॉइंटचं दुखणं जोडलेलं असतानाच दिसतं. एका टोकाला मोकळा सोडला की तो वाकडा तसाच लटकत राहतो, त्याला डोलावंच लागत नाही, मग अडणार कुठे?

मधला दांडा बाहेर काढला आणि मॅडमच्या हातात दिला. वरचा जॉइंट हाताच्या बोटांनी चारही बाजूंना झुकत होता. खालचा एका दिशेला झुकला आणि दुसऱ्या दिशेला हललाच नाही, गंजलेल्या कडीसारखा. मॅडमनी दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कर्रर्र करून जरासा सरकला आणि टोपीच्या कडेनं विटकरी रंगाची पूड त्यांच्या ओढणीवर पडली. त्या त्या पुडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही तर सीना आहे."

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा त्यांची गाडी गावातच अडकली होती. शाळेजवळच्या उतारावर लावलेली, पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढलं, दीड दिवस राहिलं. पाणी ओसरल्यावर गाडी ओढून आणली. इंजिन तेल बदललं, ब्रेक खोलून साफ केले, मॅट आणि कार्पेट गच्चीवर वाळवले. गाडी चालली, वास गेला, सगळे खूश. खालचा जॉइंट या गाडीत पत्र्याच्या बाहेर, चांगलाच खाली असतो. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही, आणि मी तिथे असतो तरी बघितलं असतं का, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. गढूळ पाणी टोप्यांत शिरलं, ग्रीस गेलं, गाळ राहिला. मोटरनं तीन-साडेतीन महिने ते ओझं उचललं आणि कोणाला कळू दिलं नाही. जानेवारीत ते तिलाही जड झालं.

आता एक कबुली. पूर्वी मी अशा जॉइंटवर गंज सोडवणारा स्प्रे मारून, वाकवून-वाकवून मोकळा करून दिलेला आहे. गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात, तो दुवा देतो. दोन-तीन महिन्यांनी परत येतो, कारण स्प्रे गंजाबरोबर उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतो. ते सोडा. ज्या जोडीच्या सुया गंजून खाल्ल्या गेल्या ती मोकळी झाली की खेळ येतो, आणि स्टेअरिंगच्या दांड्यात खेळ म्हणजे आपण वळवलं आणि चाकाला उशिरा कळलं. हा भाग दुरुस्त करायचा नाही, बदलायचा. पोराला मी आता स्प्रेला हातसुद्धा लावू देत नाही.

पार्ट सोलापुरात नव्हता. पुण्याहून मागवला, तिसऱ्या दिवशी आला, मधल्या दांड्यासकट दोन्ही जॉइंट, २,४०० रुपयांना. रेघेला रेघ जुळवून बसवला. इथं एक बारीक गोष्ट आहे: पिनियनच्या दांड्याला एक आडवी खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतूनच आरपार जातो. जॉइंट पूर्ण खाली बसला नसेल तर बोल्ट जात नाही. न जाणारा बोल्ट ठोकून घालणारे कारागीर मी बघितलेत. बोल्ट जात नसेल तर जॉइंट परत काढायचा आणि नीट बसवायचा, दुसरा उपाय नाही. बोल्ट नवा घातला, कंपनीनं दिलेल्या टॉर्कनं आवळला, डोक्यावरून रंगाची रेघ ओढली.

काटा लावला. सगळ्या फेऱ्यात २ किलो. पोरानं टाळी वाजवली.

मी गाडी होटगी रोडनं विमानतळाच्या बाजूला नेली. सरळ रस्त्यावर गाडी सरळ. अडणं पूर्ण गेलं होतं. पण एका मोकळ्या मैदानात कमी वेगात डावीकडे वळवून हात सैल केला, तर रिंग अर्ध्यावर येऊन थांबली. उजवीकडून येताना जवळजवळ पूर्ण सरळ झाली, डावीकडून नाही. मॅडमच्या तक्रारीतलं शेवटचं वाक्य तसंच उरलं होतं, आणि मला ते सगळ्यात आधी आठवायला हवं होतं. जॉइंटच्या आनंदात मी ते विसरलो.

रिंग परत न येणं हे वेगळं दुखणं. वळण संपल्यावर चाकांना सरळ व्हायला त्यांच्या बसवण्याचा कोन मदत करतो, पण ती ओढ नाजूक असते. वाटेत जरा घर्षण आलं की ती हरते. आम्ही गाडी परत आत घेतली, या वेळी चाकं जमिनीवरच ठेवली. पोराला रिंग अर्धा फेरा डावी-उजवी करायला सांगितलं आणि मी डाव्या चाकाच्या वरच्या बाजूनं हात घालून शॉकअपच्या स्प्रिंगवर तळवा टेकवला. बोटं वेटोळ्यांत घालायची नाहीत, तळवा बाहेरून टेकवायचा. चांगली स्प्रिंग चाकाबरोबर गुपचूप फिरते. ही आधी पिळली गेली, हाताखाली ताणल्यासारखी झाली, आणि टंग् करून उडाली. उजवीकडे तसं काही नाही.

शॉकअपच्या डोक्यावर एक बेअरिंग असतं. चाक वळलं की शॉकअप आणि स्प्रिंग त्याच्यावर फिरतात. ते धरलं की फिरण्याऐवजी स्प्रिंग पिळते आणि पिळलेली स्प्रिंग चाकाला परत मागे ओढते किंवा सरळ यायला अडवते. पुराचं पाणी तिथपर्यंत पोचलं होतं असं मला वाटत नाही, ते फार वर आहे. आठवड्याला प्रेशर पंपानं धुणं आणि एरवी सोलापूरची धूळ, एवढं त्याला पुरतं. पुराला सगळं पाप घालायची सवय आम्हाला सगळ्यांनाच लागलीय.

आधीच्या तपासणीत, दोन्ही चाकं लटकत असताना हे का सापडलं नाही? कारण तेव्हा त्या बेअरिंगवर गाडीचं वजन नव्हतं. लटकलेल्या अवस्थेत ते फिरत होतं. वजन आलं की धरायचं. म्हणूनच काट्यानं २ किलो दाखवले आणि रस्त्यानं वेगळं सांगितलं.

मॅडमना फोन केला. हा फोन करणं जिवावर येतं. तीन दिवस थांबवून ठेवलेल्या माणसाला आणखी एक पार्ट सांगायचा. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होता जॉइंट."

"जॉइंट होताच, मॅडम. अडणं गेलं. परत न येणं दुसऱ्याचं आहे."

"मग तिसरं काही?"

"रॅक मी बघितला. त्याच्या नटावरचा कंपनीचा रंग शाबूत आहे, कोणी आवळलेला नाही. खालचे बॉल जॉइंट हातानं फिरतात, रबर फाटलेले नाहीत. तिसरं नाही."

रॅकच्या नटाचं मुद्दाम सांगतो. खडखड आवाज घालवायला हा नट आवळून देण्याची आमच्या धंद्यात जुनी खोड आहे. आवाज जातो, स्टेअरिंग जड होतं आणि परत सरळ येईनासं होतं. जड स्टेअरिंग घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मी नेहमी विचारतो, आधी आवाजाची तक्रार घेऊन कुठं गेला होता का? मॅडम गेल्या नव्हत्या, आणि नटानंही तेच सांगितलं.

डावं बेअरिंग काढलं तेव्हा त्याच्या दोन चकत्यांमध्ये ग्रीसच्या जागी काळपट चिखल होता, वाळून पापड झालेला. उजवं अजून फिरत होतं, पण हातात धरून फिरवलं की वाळू चावल्यासारखं लागायचं. दोन्ही बदलली. ६५० रुपयांना एक. डावं उघडायला जी मेहनत तीच उजव्याला, पण सहा महिन्यांनी परत उघडायचं म्हटलं की ती दुसऱ्यांदा मोजावी लागते. शॉकअप सुटले की चाकांचा कोन बदलतो, म्हणून अलाइनमेंट आता खऱ्या कारणानं झाली. त्याआधीच्या दोन अलाइनमेंटनं कोन बरोबर केले असतीलही, पण गंजलेल्या जॉइंटवर अलाइनमेंट म्हणजे पाय मुरगळलेल्याला नवा बूट. स्टेअरिंगचा सरळ बिंदू स्कॅनरनं कंट्रोलरला पुन्हा शिकवला. एकूण बिल ६,१०० रुपये.

त्या २८,००० रुपयांचं काय झालं असतं, तेही मी पार्टचा कॅटलॉग उघडून मॅडमना दाखवलं. कॉलम असेंब्लीत मोटर येते, सेन्सर येतो, रिंग बसवायचा दांडा येतो. खालचा जॉइंट त्या पार्ट नंबरात नाही, तो वेगळा विकतात. नवा कॉलम आला असता, जुन्या जॉइंटला जोडला गेला असता आणि तीनला अडून सहाला सुटला असता. नवी मोटर ते ओझं आणखी काही महिने झाकत राहिली असती.

हायड्रॉलिक स्टेअरिंगची गाडी असती तर वाट वेगळी असती. तिथं आधी तेलाची डबी, तेलाचा रंग, पट्ट्याचा ताण, मग वळवताना पंपाची कुईं ऐकायची. टोकाला नेल्यावर कुईं वाढली की तेल कमी किंवा हवा शिरलेली. तरी चाकं उचलून, जॉइंट सोडून दोन तुकडे करायची युक्ती तिथंही चालते. मारुती ८००च्या जमान्यात तर पॉवर नव्हतीच, जड-हलक्याचा सगळा हिशोब सरळ हातात यायचा आणि असला जॉइंट दोन दिवसांत पकडला जायचा.

पंधरा दिवसांनी बोल्ट तपासायला या म्हणून मी सांगितलं होतं. बरेच जण येत नाहीत, मॅडम आल्या. शाळा सकाळची झाली होती, त्यामुळे दुपारी, परत त्याच रणरणत्या वेळी. या वेळी गाडी रस्त्यावर थांबली नाही. एका दमात डावीकडे वळून आत आली आणि हवेच्या टाकीपासून हातभर लांब उभी राहिली.

खाली शिरून बघितलं. बोल्टाच्या डोक्यावरची रेघ जॉइंटवरच्या रेघेशी जुळलेली होती. पोरानं सांगायच्या आधीच चाकं उचलून काटा बांधला आणि आकडा ओरडून सांगितला. मॅडमनी तो मोबाइलमध्ये टिपून घेतला. मी विचारलं, कुठून आलात? त्या म्हणाल्या, "सातरस्त्यावरून."